झाडीपट्टीत उसनी आई

शुक्रवार : वर्धा ते वडसा

राज्य नाट्य स्पर्धेत काम करणाऱ्या हौशी नटांना प्रेक्षक फारसा भेटतच नाही. समोर तीन परीक्षक, त्यांच्या मागे आपल्याच नटांची बायकापोरं, आणि त्याच्या मागे पुढच्या नाटकाची मंडळी, जी आपला पडदा कधी पडतो याची वाट पाहत बसलेली. मी वर्ध्याची. शाळेत मराठी शिकवते आणि बरीच वर्षं स्पर्धेच्या नाटकांत आई, आत्या, शेजारीण करत आले आहे. यंदा जानेवारीत गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या एका नाट्यमंडळाची नेहमीची आई पाय मुरगळून घरी बसली. ओळखीच्या एका तबलजींनी माझं नाव सुचवलं, आणि हातानं लिहिलेल्या संहितेचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर धडाधड येऊन पडले. एक पान उलटं, एक पान दोनदा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतला जंगलाचा आणि धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. इथे दिवाळी झाली, धान कापून झालं, की गावोगाव नाटकं सुरू होतात आणि होळीपर्यंत चालतात. पूर्वी दंडार हा लोकनाट्याचा प्रकार असायचा, पुरुषच लुगडं नेसून बाईची सोंगं घ्यायचे. त्यातूनच हे आजचं तीन अंकी, गाण्यांचं, रात्रभराचं नाटक वाढलं. शहरातल्या नाटकवाल्यांनी बराच काळ नाक मुरडलं. २०२३ साली गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याकडचे झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडच्याही काही जणांनी पहिल्यांदा नकाशा उघडून कुरखेडा कुठे आहे ते पाहिलं.

नागपूरहून उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत एसटी वडशाला जाते. ब्रह्मपुरी सोडली की वैनगंगेचा पूल येतो. जानेवारीत पाणी कमी, वाळूच जास्त. पलीकडे वडसा. कागदोपत्री देसाईगंज, पण बोलताना मला तरी सगळीकडे वडसाच ऐकू आलं, आणि रेल्वे स्टेशनवरही वडसाच लिहिलंय.

जायचं असेल तर: नागपूर-नागभीड छोटी गाडी २०१९ साली रुंदीकरणासाठी बंद झाली, तिच्या आठवणी काढणारे प्रवासी बसमध्ये हमखास भेटतात. गोंदिया किंवा बल्लारशाकडून येणाऱ्यांना मात्र रेल्वेनं थेट वडशाला उतरता येतं.

वडशाच्या रस्त्यावर नाट्यमंडळांच्या कार्यालयांच्या पाट्या पाहून मी थक्क झाले. बाहेर नायक-नायिकांचे मोठाले फोटो, खलनायकाचा त्याहून मोठा. आमचे मॅनेजर भाऊ दोन फोन आणि एक जाडजूड डायरी घेऊन बसले होते. डायरीत तारीख, गाव, नाटक, नट. एका गावची मंडळी समोर बसून घासाघीस करत होती. गावचं मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देतं आणि तिकिटांचा गल्ला स्वतः ठेवतं. धान चांगलं झालं असेल तर गल्ला भरतो. उरलेला पैसा देवळाला, शाळेच्या भिंतीला, कुणाच्या औषधाला लागतो. गावकरी म्हणाले, "भाऊ, यंदा धानाला तुडतुड्यानं खाल्लं, थोडं कमी करा." भाऊंनी थोडं कमी केलं आणि लगेच नायिकाही बदलली. स्वस्तातली नायिका. सगळे हसले. नायिकेच्या नावावर पुन्हा चर्चा झाली आणि पैसे जवळजवळ आधीच्याच आकड्याला जाऊन टेकले.

मग माझ्याकडे वळून, "म्याडम, पार्ट पाठ झाला?"

"झाला."

"कशाले? प्रॉम्प्टर आहे ना."

तालीम तासाभरात आटोपली. कुठून आत यायचं, कुठून बाहेर जायचं, कुठल्या वाक्यावर ऑर्गनवाला सूर देणार, एवढंच. पात्राचा पूर्वेतिहास विचारला तर दिग्दर्शक म्हणाले, "आई आहे जी. पोरासाठी मरते. अजून का पाहिजे?"

त्या रात्री कंपनीचं दुसरं नाटक आरमोरी रस्त्यावरच्या एका गावात होतं, आणि त्यात आईच नव्हती. मी प्रेक्षकांत बसले.

हे बसणं सांगायलाच हवं. धानाच्या रिकाम्या बांधीत जमीन खोदून खोलगट केलेली, निघालेल्या मातीवर स्टेज उभा केलेला, चारी बाजूंनी कनात. खाली तणस, म्हणजे धानाचा पेंढा, अंथरलेलं. त्यावर घरून आणलेल्या सतरंज्या, पोती, गोधड्या, आणि त्या गोधड्यांत झोपलेली पोरं. पुढच्या खुर्च्यांचं तिकीट महाग. पण ज्यांना नाटकातलं कळतं ते तणसावर बसतात, असं शेजारच्या आजींनी मला सांगितलं आणि त्यांच्या गोधडीचं एक टोक माझ्या पायांवर टाकलं. पडदा रात्री दहानंतर केव्हातरी वर गेला. पहाटे कोंबडं आरवलं तेव्हा तिसरा अंक चालू होता आणि आजी टक्क जाग्या होत्या. मी मध्ये दोनदा डुलकी काढली. दोन्ही वेळा त्यांनी कोपरानं ढोसून उठवलं, "झोपाले आली का तू? पैसे देऊन?"

शनिवार : लाखांदूर तालुका

दुपारपर्यंत सगळी कंपनी झोपते. उठून आलूबोंडा आणि तिखटजाळ रस्सा. मग गाडीत पेट्या, पडदे, ऑर्गन आणि आम्ही.

गावात शिरताना लाऊडस्पीकरवर स्वतःचं वर्णन ऐकू आलं : "नागपूरच्या सुप्रसिद्ध अभिनेत्री!" मी वर्ध्याची आहे हे मॅनेजर भाऊंना सांगितलं. ते म्हणाले, "गाडी नागपूरवरूनच आली ना?"

जेवण गावातल्याच एका घरी. भात, तुरीचे सोले घातलेली वांग्याची भाजी, लाखोळीच्या डाळीचे वडे, वरून भरपूर सांभार, म्हणजे कोथिंबीर. तूर बांधीच्या धुऱ्यावरची, लाखोळी धान उभं असतानाच खाली पेरलेली. त्या जेवणातला जवळजवळ प्रत्येक घास घराच्या मागच्या दारातून दिसत होता. भाताचा वास असा होता की मी भाजी बाजूला ठेवून थोडा नुसता खाल्ला. घरात पाहुण्यांची गर्दी. नाटक असलं की लेकी माहेरी येतात, सोयरे येतात. एक मुलगी मान खाली घालून चहा देत होती आणि दोन पाहुणे तो चहा फारच सावकाश पीत होते. नाटकाच्या निमित्तानं इथे सोयरिकीही जुळतात. आम्ही आमची ताटं उचलून अंगणात गेलो.

आता रंगमंच. दोऱ्यांवरून माईक खाली लोंबत असतात. बोलायचं असलं की त्याच्याखाली जायचं आणि तोंड थोडं वर करायचं. ज्याच्याशी बोलतोय तो नट बाजूला उभा असला तरी आपण बोलतो माईकशी. स्पर्धेत हे केलं असतं तर परीक्षकांनी कागदावर लाल रेघ मारली असती. इथे दोन-तीन हजार माणसं उघड्यावर बसलेली, त्यांच्या शेवटच्या माणसापर्यंत हुंदका पोचवायचा म्हटल्यावर दुसरा उपाय सुचवून दाखवा. प्रॉम्प्टर काका विंगेत कंदिलासारखा लहानसा दिवा घेऊन बसतात आणि प्रत्येक वाक्य नटाच्या आधी अर्धं बोलतात. कधीकधी त्यांचाही आवाज माईकमध्ये जातो. कुणाला त्याचं काही वाटत नाही.

दुसऱ्या अंकात सून माझ्यापुढचं ताट ओढून घेते. या जागी मी घरून एक शांतता ठरवून नेली होती. ताटाकडे पाहायचं, हात हवेत तसाच ठेवायचा, मनात पाच आकडे मोजायचे. अशा जागांनी मला पूर्वी प्रमाणपत्रं मिळवून दिली आहेत. मी हात हवेत ठेवला. दोनपर्यंत मोजलं असेल, तणसावरून एक बाई ओरडली, "बोल ना माय! चूप काहून बसली?" त्याच क्षणी प्रॉम्प्टर काकांना वाटलं मी अडले. त्यांनी पूर्ण ताकदीनं वाक्य दिलं आणि ते माझ्याआधी सगळ्या गावानं ऐकलं. मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. रडत. टाळ्या आल्या. ऑर्गनवाल्यानं इतका लांब सूर ओढला की मला खरंच रडू आलं.

विंगेत दिग्दर्शक म्हणाले, "आता कसं! पण अजून थोडं. मागं विडी पिऊन रायले ना, त्यांची विडी विझली पाहिजे."

पहाटे साडेपाचला पडदा पडला. बाहेर शेकोटीभोवती चहा. आयोजकांच्या घरची एक बाई सगळ्यांना चहा देत होती. खलनायकाला दिला, विनोदी नटाला तर दोनदा दिला. सुनेचं काम करणाऱ्या पोरीला वगळून पुढे गेली. ती पोरगी पुण्याहून सीझनसाठी आलेली, दिवसा रील्स बनवते, बोलायला अतिशय गोड. मला वाटलं तिला वाईट वाटेल. तिनं पर्समधून बिस्किटाचा पुडा काढला आणि म्हणाली, "चहा मिळाला नाही म्हणजे काम चांगलं झालं, आई. ज्या दिवशी मिळतो त्या दिवशी मला टेन्शन येतं."

तीच बाई माझ्याजवळ येऊन बसली. माझा हात हातात घेतला. "तुमच्या सुनेनं बराबर नाई केलन जी," ती म्हणाली. मी म्हटलं, अहो, नाटक आहे. "माहीत आहे ना," ती म्हणाली, "तरी पन." मग पदराखालून गरम वड्यांची पुडी काढून माझ्या पिशवीत कोंबली. सुनेला देऊ नका, असंही बजावलं.

बघायला जाणार असाल तर: गोधडी किंवा जाड चादर, कानटोपी आणि बसायला काहीतरी न्याच. पहाटे तणसावर दव पडतं आणि थंडी हाडात शिरते. नाटक संपल्या संपल्या अंधारात दुचाकीवर निघू नका. ब्रह्मपुरी आणि वडसा या दोन्ही वनविभागांत वाघांचा वावर मोठा आहे, आणि २०२१ पासून या भागात रानटी हत्तींचा कळपही फिरतो. गावकरी उजाडेपर्यंत मंडपातच थांबतात, तुम्हीही थांबा. कुठे कुठलं नाटक आहे हे वडशात कुठल्याही कार्यालयाबाहेर कळतं, चहाच्या टपरीवर त्याहून लवकर कळतं.

रविवार : अर्जुनी मोरगावकडे

आज गावात दुपारी शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री आम्ही. मी आयुष्यात पट पाहिला नव्हता. सरळ लांब धावपट्टी, हलका छकडा, त्यावर जवळजवळ लोंबकळणारा धुरकरी, आणि बैलांची जोडी काही सेकंदांत डोळ्यांसमोरून जाते. आपण टाळी वाजवायला हात जुळवेपर्यंत संपलेलं असतं. सगळं घड्याळावर. लोक सेकंदाच्या तुकड्यांवरून भांडतात. २०१४ साली न्यायालयाच्या निकालानं शर्यती बंद झाल्या होत्या, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा परवानगी दिली. मंडळातले एक काका म्हणाले, त्या वर्षांत नाटकाचा गल्लाही पडला होता. लोक पटासाठी येतात, मुक्कामी राहतात, म्हणून रात्री नाटक भरतं. "बैल थांबला तं नट बी थांबते," ते म्हणाले. बैलाच्या पाठीवर उन्हात काठीचे वळही दिसत होते. नियमांत ते बसत नाहीत. मी कुणाला काही बोलले नाही, पण पुढच्या जोडीला टाळी वाजवली नाही.

संध्याकाळी मेकअपला बसले तर माझा मुलगा बदलला होता.

म्हणजे कालचा नायक आज दुसऱ्या कंपनीच्या तारखेवर सिंदेवाहीकडे गेलेला. त्याच्या जागी एक गृहस्थ आले, वयानं माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठेच असतील. इथे नट 'नाईट'वर काम करतात. ज्या रात्री जो मोकळा, तो तुमचा. त्यांनी हे नाटक आधी कधी केलं नव्हतं. त्यांनी मला नमस्कार केला आणि विचारलं, "आई, मी शेतकरी आहे का साहेब?"

"साहेब. शेतकरी तुमचा मोठा भाऊ."

"लग्न झालं?"

"झालं. तिच्यामुळेच सगळं होतं."

"गाणी किती?"

एवढ्या माहितीवर ते गृहस्थ स्टेजवर गेले आणि मी सांगते, कालच्या पोराहून कितीतरी सरस मुलगा मला मिळाला. प्रॉम्प्टर काकांचं अर्धं वाक्य कानावर पडलं की उरलेलं अर्धं ते स्वतः बांधायचे, आणि ते लिहिलेल्यापेक्षा बरं असायचं. दोन गाणी गाऊन वन्समोअर घेतले. तिसऱ्या अंकात मला घराबाहेर काढताना त्यांनी माझी पिशवी उचलून अंगणात ठेवली, अगदी हळू, आतलं काही फुटू नये अशी. ही हालचाल संहितेत नव्हती, तालमीत नव्हती, कारण तालीमच नव्हती. स्पर्धेच्या नाटकात अशा एका हालचालीसाठी आम्ही महिनाभर वाद घालतो.

तिसऱ्या अंकातच जनरेटर बंद पडला. माईक गेला, दिवे गेले. शहरात अशा वेळी पडदा पाडून दिलगिरी मागतात. इथे विनोदी नट अंधारातच पुढे आला. त्याचा या प्रवेशाशी काही संबंध नव्हता. प्रेक्षकांनी मोबाइलचे दिवे लावले आणि त्यानं पहिल्या रांगेतल्या खुर्चीवाल्यांना धरलं. एवढे महागाचे तिकीट काढून अंधारच पाहायला मिळाला, आमच्या तणसावरच्या माणसाला तोच अंधार अर्ध्या पैशात दिसून राहिला. मागचं सगळं तणस हसून लोळलं. मग सरपंच, मग डिझेल कुणी आणलं, मग दुपारी हरलेली जोडी. दुपारपासून पटाच्या गर्दीत फिरून त्यानं ही सगळी माहिती गोळा केली होती, हे मला तेव्हा कळलं. मी त्याला दुपारी भजी खाताना पाहिलं होतं आणि आळशी समजले होते. जनरेटर सुरू झाला तसा तो विंगेत आला, पाणी प्यायला आणि मला म्हणाला, "जा आई, रडा आता. हसून मोकळे झाले, आता चांगले रडतील."

तसंच झालं.

सोमवार : परतताना

सकाळी इतरांना झोपू देऊन मी आणि ती सून, दोघी एका ओळखीच्या गाडीनं प्रतापगड-गोठणगावच्या तिबेटी वसाहतीकडे गेलो. धानाच्या बांध्यांच्या मधोमध प्रार्थनेच्या पताका फडफडताना पाहून कुणीही चमकेल. वसाहत बरीच रिकामी. हिवाळ्यात इथले कितीतरी लोक स्वेटर विकायला गावोगाव जातात, असं तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चांगल्या मराठीत सांगितलं. सून लगेच म्हणाली, "म्हणजे यांचापण सीझनच." नवेगावबांधचा तलाव जवळ आहे, हिवाळ्यात पक्ष्यांसाठी लोक येतात. आमच्याकडे वेळ नव्हता. तुमच्याकडे असेल तर एक सकाळ त्याच्यासाठी ठेवा.

दुपारी वडशात हिशेब. मॅनेजर भाऊंनी किती 'नाईट' झाल्या ते मोजून नोटा दिल्या, सही घेतली. इथे 'लोककलेची सेवा' वगैरे कुणी बोललं नाही. कुठल्या गावानं पैसे बुडवले, कुठला नट आगाऊ उचल घेऊन दुसरीकडे गेला, डिझेल किती वाढलं, हेच बोलणं. मला ते फार आवडलं. आमच्या हौशी मंडळात नाटक झाल्यावर वर्गणीचा खड्डा कोण भरणार यावरून मैत्र्या तुटल्या आहेत, आणि आम्ही त्याला त्याग म्हणतो.

"होळीपर्यंत तारखा देता का?" भाऊंनी विचारलं.

दहावीच्या सराव परीक्षा आहेत म्हटलं.

"मग पुढच्या वर्षी. पण आधी सांगा. दिवाळी झाल्यावर फोन केला तर काही नाही भेटत."

कुणा हौशी नटाला जायचं असेल तर तेवढंच सांगते. सीझन सुरू व्हायच्या बरंच आधी वडशाला स्वतः जाऊन भेटा, फोनवर कुणी विश्वास ठेवत नाही. गाणं येत असेल तर ते पहिल्यांदा सांगा, अभिनयाची प्रमाणपत्रं घरी राहू द्या. रात्रीचा दर आधी ठरवा, जेवण-मुक्काम कुणाकडे ते विचारा, बाई असाल तर वेगळ्या खोलीचं आधीच बोलून घ्या. आमच्या कंपनीत ती होती, सगळीकडे असतेच असं नाही, असं सून म्हणाली. घशासाठी ज्येष्ठमध. आणि आईची भूमिका असेल तर लुगडी दोन न्या. एक पहिल्या अंकाचं, एक घराबाहेर काढल्यानंतरचं. दुसरं फाटकं लागतं आणि ते कंपनीकडे मिळत नाही. मला मिळालं ते शनिवारी जेवायला गेलो त्या घरच्या काकूंचं. परत द्यायला गेले तर म्हणाल्या, राहू दे, पुढच्या वर्षी लागेल.